चिरगावच्या शिंप्याचा पहिला रिपोर्ट

माझी सबंध नोकरी लोकांच्या लघवीकडे बघण्यात गेली. हे वाक्य मी हळदीकुंकवात किंवा लग्नकार्यात कधी मोठ्याने बोलले नाही. कोणी विचारलंच तर "लॅबमध्ये असते" एवढं सांगून विषय बदलायचा, हा आमचा शिरस्ता. पण आपल्या अंकाच्या संपादकांनी "ताई, नोकरीतलं काहीतरी खरंखुरं लिहा" म्हणत दोनदा घरी येऊन चहा घेतला. आता खरंखुरं म्हणजे हेच. फराळाची बशी मांडीवर घेऊन अंक वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी आधी बशी संपवावी.

माझं सासर इकडे झाशीत आलेल्या जुन्या पुजारी घराण्यातलं. सासूबाईंनी नोकरीला नाही म्हटलं नाही. अट मात्र घातली. घरी आलं की थेट मोरीत जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच कुठे हात लावायचा. झाशीच्या जानेवारीत संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात क्लार्क होते. ते ज्या फायली हाताळत त्यांना माझ्या बाटल्यांहून जास्त वास यायचा, असं माझं प्रामाणिक मत होतं. पण त्यांना कोणी मोरीत पाठवलं नाही.

रुग्णालय सिव्हिल लाइन्समधलं, खासगी, तीसेक खाटांचं. आमची लॅब तळमजल्यावर होती. व्हरांड्याकडे उघडणारी एक खिडकी, तिला लाकडी फळी, आणि त्या फळीवर लोक बाटल्या आणून ठेवायचे. माझं नाव कुमुद, पण त्या व्हरांड्यात मला त्या नावाने डॉक्टरसाहेबांशिवाय कोणी हाक मारली नाही. मी "पेशाबवाली दीदी". एकदा भर बाजारात, भाजीच्या गाड्यासमोर, एका गृहस्थांनी लांबून "पेशाबवाली दीदी, नमस्ते!" म्हणून हात जोडले. हे शेजारीच उभे होते. त्यांनी पुढचा आठवडाभर भाजी एकट्याने आणली.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एकाने लोणच्याच्या बरणीतून नमुना आणला, त्यात मोहरीची डाळ तरंगत होती. एक पैलवान नोकरीच्या तपासणीसाठी आले होते. त्यांना म्हणे साखर निघायची भीती, म्हणून बायकोचा नमुना स्वतःच्या नावावर दिला. मी रिपोर्ट हातात देऊन म्हटलं, "पहलवान जी, शक्कर तो नहीं निकली, पर बधाई हो, आपको तीसरा महीना चल रहा है." तसं काही तपासलंच नव्हतं, मी नुसता खडा टाकून पाहिला. पैलवान लालबुंद होऊन बाटली घेऊन पळाले आणि दहा मिनिटांत स्वतःची घेऊन आले.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लघवी एका नळीत घ्यायची आणि नळी यंत्रात घालून गरगर फिरवायची. जड असेल ते तळाशी बसतं. वरचं ओतून द्यायचं, तळाचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्यात पांढऱ्या पेशी दिसल्या की आम्ही रिपोर्टात लिहायचो "पस सेल". पस म्हणजे पू. पू म्हटलं की डॉक्टर म्हणणार जंतू, आणि जंतू म्हटलं की अँटिबायोटिक. बहुतेक वेळा हे बरोबरच असतं.

त्याच छापील कागदावर आणखी एक रकाना असे, कास्टचा. मूत्रपिंडात केसाहून बारीक अशा असंख्य नळ्या असतात. त्यांच्यात काही बिघडलं की आतलं द्रव्य गोठतं आणि नळीच्या आकाराचं होऊन लघवीतून बाहेर पडतं. तो कास्ट. तो दिसला की समजायचं, दुखणं खाली मूत्राशयात नाही, वर मूत्रपिंडातच आहे. अडचण एवढीच की तो फार फिकट असतो. मायक्रोस्कोपचा उजेड मुद्दाम मंद केल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. भरपूर उजेडात तो समोर असूनही नसल्यासारखा. म्हणून दर काचेला दोनदा बघायचं, एकदा भरपूर उजेडात आणि एकदा मंद उजेडात. मला हे शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि मी हाताखालच्या प्रत्येकाला तेच सांगत आले.

तो मे महिना होता. झाशीचा मे. विषमज्वराची साथ, उन्हाने आडवे झालेले लोक, वीज येऊन जाऊन. त्या सोमवारी सकाळी माझ्या फळीवर साठ बाटल्या होत्या आणि त्यांतली एक गनेशीची.

गनेशी चिरगावचा, बस अड्ड्याजवळ बायकांचे कपडे शिवायचा. वय चाळीसच्या आत. कात्री पायावर पडून जखम झाली, ती चिघळली. गावातल्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, पेनिसिलिनच्या जातीतल्या. पाय बरा झाला. पण कॅप्सूल संपता संपता बारीक ताप सुरू झाला, सांधे दुखायला लागले, अंगावर लाल पुरळ उठलं आणि लघवी कमी झाली. पुरळाला घरच्यांनी घामोळं म्हटलं आणि लघवीला ऊन. मे महिन्यात दोन्ही शंका कोणालाही पटण्यासारख्या. बायको फूला त्याला बसमधून घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा त्याच्या पायावर सूज होती.

त्याची काच मी बघितली. पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या. मी "पस सेल: भरपूर" लिहिलं. कास्टच्या रकान्यात "नाही" लिहिलं. उजेड मंद केला नाही. मागे एकोणपन्नास बाटल्या शिल्लक होत्या, वीज जायच्या आत संपवायच्या होत्या, आणि ह्या रकान्यात शंभरातल्या नव्वद वेळा "नाही"च असतं. हात आपोआप लिहून मोकळा झाला.

रक्ताच्या तपासणीत एका जातीच्या पेशी वाढलेल्या निघाल्या, इओसिनोफिल. ह्या पेशी ॲलर्जीत वाढतात आणि जंतांनीही वाढतात. आमच्या भागात त्या वाढलेल्या दिसल्या की सगळे जंतच म्हणतात, कारण जंत घरोघरी. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन एकच्या आसपास असायला हवं, ते अडीचकडे झुकलं होतं.

डॉ. श्रीवास्तव साहेब म्हणजे मोठा जाणता माणूस, पण करडा. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला. पू आहे, ताप आहे, म्हणजे लघवीत जंतुसंसर्ग. दुपारीच इंजेक्शन सुरू केलं. तेही पेनिसिलिनच्या जातीतलं. देण्याआधी सिस्टर मार्थांनी नेमाप्रमाणे हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचलं, भोवती बॉलपेनने गोल काढला आणि अर्ध्या तासाने बघितलं. गोलात ना सूज, ना लाली. ह्या गोलावर आमच्याकडे सगळ्यांची देवासारखी श्रद्धा. गोल कोरा म्हणजे औषध मानवलं, संपला विषय. गनेशीचा गोल कोरा होता.

गुरुवारी सकाळी फूला खिडकीशी आली. तिच्या हातातल्या बाटलीत जेमतेम दोन बोटं लघवी होती, गढूळ.

"दीदी, रात भर में इत्तोई भओ," ती म्हणाली. "और एक बात कहें? सुई लगत है, ऊके बाद चकत्ता और लाल हो जात। हमने सिस्टर सें कई, बे बोलीं घमौरी है।"

मी मान हलवली आणि बाटली आत घेतली. पण तिचं वाक्य डोक्यातून जाईना. घामोळं काही इंजेक्शनची वेळ बघून लाल होत नाही. शिवाय सोमवारी लघवीतले जंतू वाढवायला ठेवलेली बशी आदल्या दिवशीच बघितली होती, ती स्वच्छ होती. एकही जंतू उगवला नव्हता. साहेब म्हणाले होते, आधी कॅप्सूल झाल्यात, उगवणार कसा. तेही पटण्यासारखं. मग क्रिएटिनिन का चढतंय? त्या दिवशी ते चारच्या वर गेलं होतं.

वीज होती आणि बाटल्या कमी होत्या. मी काच लावली आणि उजेड मंद केला. कास्ट. एक नाही, दोन नाही, जिथे काच सरकवावी तिथे, आत पांढऱ्या पेशी गच्च भरलेले. जंतू एकही नाही.

मग मी आमच्याकडे कोणी करत नसे ते केलं. रक्ताची काच रंगवायचा जो रंग असतो, तो लघवीच्या गाळाला दिला. चित्र काही फार सुबक आलं नाही. पण ज्यांना मी सोमवारी पू म्हटलं होतं, त्यांतल्या कितीतरी पेशींच्या पोटात नारिंगी दाणे चमकत होते. इओसिनोफिल. रक्तात होत्या त्याच, आता लघवीत. आजकालचे डॉक्टर ह्या तपासणीवर फारसं विसंबू नका म्हणतात, आणि ते खरं आहे. ती नक्की काही सांगत नाही. पण ताप, पुरळ, रक्त आणि ही काच अशी चौघं एकाच दिशेला बोट दाखवत होती.

बाहेरच्यांसाठी सांगते. काही माणसांच्या शरीराला एखादं औषध सोसत नाही. अंगावर पुरळ उठतं तसंच काहीसं आत मूत्रपिंडात होतं. नळ्यांच्या मधली जागा सुजते, तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते, लघवी आटते. वेळीच औषध थांबवलं तर बहुधा मूत्रपिंड सावरतं. न थांबवलं तर कायमचं जाऊ शकतं. आणि आम्ही त्या माणसाला बरं करण्यासाठी दिवसातून चार वेळा तेच औषध टोचत होतो.

मी रिपोर्ट घेऊन जिना चढले. खरं सांगायचं तर जिन्यावर माझ्या मनात एक लबाडी येऊन गेली. आज कास्ट दिसले एवढंच सांगायचं. सोमवारी नव्हते, आज आले. कोण विचारणार? सोमवारची काच तर केव्हाच धुतली गेली होती.

साहेब गनेशीच्या खाटेपाशीच होते. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि जुन्याशी ताडून पाहिला.

"सोमवार को कास्ट निल थे, आज भरे पड़े हैं," ते म्हणाले. "मतलब इन्फेक्शन ऊपर चढ़ गया। सिस्टर, डोज़ डबल कर दो।"

सिस्टर मार्थांनी तक्ता उचलला. गनेशी डोळे मिटून पडला होता, फूला त्याचे सुजलेले पाय चेपत होती. माझ्या त्या एका "नाही"मुळे साहेबांचं सगळं गणित उलटं बसत होतं, आणि ते बसू दिलं तर ह्या माणसाला दुप्पट विष मिळणार होतं.

"साहब," मी म्हटलं, "सोमवार का निल मैंने देखकर नहीं लिखा था।"

साहेबांनी चष्मा काढला.

"देखकर नहीं लिखा?"

"जी नहीं। रोशनी कम नहीं की थी। उस दिन साठ बोतलें थीं।" साठ बाटल्यांचं सांगायला नको होतं. सांगितल्यावर ते माझं मलाच कसंसं वाटलं. मग एका दमात बाकीचं बोलून टाकलं. पुरळ, फूलाचं म्हणणं, रंगवलेली काच, नारिंगी दाणे. "साहब, मुझे लगता है यह दवा की एलर्जी है। गुर्दे में।"

"टेस्ट डोज़ तो दिया था," सिस्टर मार्था म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "सर्कल क्लियर था, डॉक्टर।"

साहेब त्या गोलाकडे बघत राहिले. निळा गोल अजून गनेशीच्या हातावर पुसट दिसत होता. "सिस्टर, वह तो फ़ौरन वाली एलर्जी पकड़ता है," ते हळूच म्हणाले. "यह दिनों में आने वाली है। इसे वह क्या पकड़ेगा।" आणि मला म्हणाले, "चलिए।"

साहेबांना लॅबमध्ये येऊन किती वर्षं झाली असतील ते मला आठवत नाही. स्टुलावर बसले, काच सरकवत राहिले. मी उभी. सासूबाईंच्या मोरीतलं पाणी तेव्हा मला खुशाल चाललं असतं, इतकी मी घामाने निथळत होते.

"कुमुद जी, ये कीड़ों वाले भी हो सकते हैं," ते मान न उचलता म्हणाले.

"पेशाब में, साहब?"

जंतांनी वाढलेल्या पेशी लघवीत कशाला उतरतील? ते नाकातून हसले. तेवढ्या हसण्याने माझ्या जिवात जीव आला. इंजेक्शन तिथल्या तिथे बंद झालं. साहेबांनी ग्वाल्हेरच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला. खात्री करायची तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल, तिकडचे डॉक्टर म्हणाले, पण त्याची वाट बघू नका, सूज उतरवायचं औषध सुरू करा. रविवारपर्यंत उतार पडला नाही तर इकडे आणा, रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर घ्यावं लागेल.

औषध बंद केलं की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, असं पुस्तकात वाटतं. तसं होत नाही. शुक्रवारी ताप उतरला, पुरळही फिकं झालं, पण क्रिएटिनिन साडेपाच. मी ते दोनदा केलं. तेव्हा ही तपासणी हाताने व्हायची, पिवळं द्रावण नारिंगी होतं आणि जितकं गडद तितकं वाईट. नळी उजेडात धरायची मला धास्ती वाटायची. शनिवारी सहा पॉइंट तीन.

शनिवारी दुपारी फूला खिडकीशी येऊन उभी राहिली. हातात बाटली नव्हती.

"दीदी, हमाओ गुर्दा इनखों लग जैहै का? हमाए दोई अच्छे हैं। जाँच कर लो।" आणि तिने हाताची बाही वर केली, जणू मूत्रपिंड कोपरातूनच काढायचं होतं.

मी तिला म्हटलं, थांब, अजून वेळ गेलेली नाही. पण ते म्हणताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. रुग्णालयात सगळ्यांना माझी चूक कळली होती, खाटेपाशी असूनही त्या 'निल'-'कास्ट'चा अर्थ हिलाच उमगला नव्हता. ती मला हात जोडत होती. त्या दिवशी घरी जाऊन अंघोळ केली आणि न जेवता झोपले. सासूबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "काय गं, कोणाचं काही वाईट झालं का?" मी म्हटलं, "माझ्या हातून झालंय." थोड्या वेळाने देवापुढे निरांजन लावल्याचा वास आला.

रविवारी मला सुट्टी होती तरी सकाळी गेले. फाटकात ग्वाल्हेरला न्यायची जीप उभी होती, मागे गादी अंथरलेली. लॅबचं कुलूप उघडते तोच व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला. फूला धावत येत होती. लघवी मोजायला सिस्टरांनी तिला काचेचं मोठं भांडं दिलं होतं. ते दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, काठोकाठ, आणि पदर भिजलेला.

"दीदी! बरतन छोटो पर गओ! दूसरो दो, जल्दी, बे रुकत नईंयां!"

तिला दुसरं भांडं देऊन मी पळत वर गेले. सिस्टर मार्था जिन्यात भेटल्या, त्या हसत होत्या आणि क्रूसाची खूणही करत होत्या. मी रक्त घेतलं, क्रिएटिनिन लावलं. पाच पॉइंट एक. पुन्हा लावलं, तेच. लघवी वाढली म्हणून अख्खं रुग्णालय आनंदाने नाचायच्या बेतात आलेलं मी तेव्हाच पाहिलं. साहेबांनी खिडकीतून खाली बघून जीपवाल्याला हाताने इशारा केला, जा. मग मला म्हणाले, "कुमुद जी, आज से आप जो न देखें, वह न लिखें।" एवढंच. चौकशी नाही, कागद नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दहा दिवसांनी गनेशी स्वतःच्या पायांनी बस चढला. साहेबांनी त्याला पुठ्ठ्यावर त्या जातीच्या औषधांची नावं हिंदीत लिहून दिली आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलास तर आधी हे दाखव म्हणून बजावलं.

दीड महिन्याने तो फेरतपासणीला आला. फूला बरोबर होती. क्रिएटिनिन एक पॉइंट एक. मी काच तीनदा बघितली, भरपूर उजेडात, मंद उजेडात आणि पुन्हा मंद उजेडात. काही नव्हतं. रिपोर्ट खिडकीतून देऊन चाललं असतं. पण मी दार उघडून बाहेर आले आणि दोघांना बाकावर बसवलं.

"भैया, एक बात बतानी है," मी म्हटलं. "आपका पहला रिपोर्ट मैंने ग़लत दिया था। बिना देखे लिख दिया था। उसी पर आपको सुई लगी। आपका गुर्दा मेरी वजह से जाते-जाते बचा है।"

फूला माझ्याकडे बघतच राहिली. गनेशीने रिपोर्टाची घडी घातली, शिंप्याच्या सवयीने कडा बोटाने दाबली. तो काय बोलेल ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"दीदी," तो म्हणाला, "नाप तौ हमसें सोई गलत हो जात। ब्याव के कपड़ा हैं, भीड़ है, फीता ठीक सें नईं धरो, और कैंची चल गई।" त्याने हाताने कात्री चालवून दाखवली. "पै कपड़ा घर पठाबे सें पैलें हम उधेड़ देत हैं। उधेड़बे में लाज लगत है, सबके सामने। तुमने सबके सामने उधेड़ो।"

म्हणजे त्या दिवशी खाटेवर डोळे मिटून त्याने माझं सगळं ऐकलं होतं, आणि त्या कबुलीला तो उसवणं म्हणत होता. फूलाने पदराच्या टोकाने माझेच डोळे पुसले, ते भरून आल्याचं ती पुसेपर्यंत मला कळलंही नव्हतं.

"अब जौ बताओ," गनेशी उठत, फूलाकडे बोट करून म्हणाला, "आम खा सकत कै नईं? दो मईना सें जा खान नईं दे रई।"

"खाओ भैया," मी म्हटलं, "पेट भरके खाओ."